सोनेरी बियरचं वय

पुणे–नाशिक महामार्गावर सिन्नरच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर नारायणगाव लागतं आणि उत्तरेला नाशिक ओलांडलं की दिंडोरी. बाटलीला बूच लावलं म्हणजे पेय तयार झालं असं होत नाही, आंबवण बाटलीच्या आतही चालू राहू शकते, ही गोष्ट महाराष्ट्र या दोन गावांत शिकला. नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेजने १९८०च्या दशकात फ्रान्समधल्या पायपर-हाइडसिक या शॅम्पेन घराण्याचं तांत्रिक साहाय्य घेतलं आणि ‘ओमर खय्याम’ नावाची फेसाळती वाइन केली. ती कंपनी पुढे बुडाली, पण विद्या इथे रुजली. मोएत हेनेसीने २०१३ साली नाशिकच्या द्राक्षांपासून केलेली ‘शांदों’ बाजारात आणली आणि दिंडोरीत स्वतःची वायनरी उभारली. ‘सुला’ची ब्रूटही याच पद्धतीची. तयार वाइनमध्ये थोडी साखर आणि थोडं यीस्ट घालून बाटली बंद करायची. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि वायूला बाहेर पडायला वाट नसल्याने तो वाइनमध्येच विरघळतो.

हेच तंत्र बेल्जियमच्या एका बियरमध्ये वापरलं जातं, आणि तिथे ते आणखी एक पाऊल पुढे जातं. फेसाळत्या वाइनमधलं यीस्ट काम संपल्यावर काढून टाकतात. बाटल्या हळूहळू फिरवत उलट्या करून साका मानेत आणायचा, मान गोठवायची आणि साका उडवून नवं बूच लावायचं. बेल्जियन स्ट्राँग गोल्डन एलमध्ये ते यीस्ट तसंच ठेवतात. ते बाटलीच्या तळाशी राहतं, काही काळ जगतं, मग मरतं, आणि या दोन्ही अवस्थांत बियरची चव बदलत राहतं. म्हणून ही बियर ‘किती जुनी’ आणि त्याहून अधिक ‘कुठे ठेवलेली’ हा प्रश्न गंभीरपणे विचारावा लागतो.

या बियरची जन्मकथा ब्रेंडोंक या गावातली. अँटवर्प आणि ब्रसेल्स यांच्या मधोमध असलेल्या या गावात यान-लिओनार्ड मूर्तगात याने १८७१ मध्ये ब्रुअरी काढली. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश एल्सची बेल्जियममध्ये चलती होती. यान-लिओनार्डचा मुलगा आल्बर्ट तशी बियर करण्यासाठी थेट स्कॉटलंडला गेला आणि बऱ्याच खटपटीनंतर मॅकइवन्स या ब्रुअरीचं यीस्ट घेऊन परतला. १९२३ च्या सुमारास त्या यीस्टवरची बियर बाजारात आली तेव्हा महायुद्धातल्या विजयाच्या आठवणीने तिचं नाव ‘व्हिक्टरी एल’ ठेवलं होतं. गावातल्या एका चांभाराने ती चाखून ‘हा तर खरा सैतान’ अशा अर्थाचे उद्गार काढले, आणि तिथल्या बोलीतला सैतान, म्हणजे ‘ड्युव्हेल’, हेच तिचं नाव झालं. पुढे या प्रकारच्या बियरना ल्युसिफर, जुडास अशी पापी नावं देण्याची प्रथाच पडली.

ती त्या काळात पसरली याला एक कायदाही कारण होता. बेल्जियमने १९१९ मध्ये कॅफेंमध्ये कडक दारू विकायला बंदी घातली, आणि ही बंदी १९८० च्या दशकापर्यंत टिकली. जिनची सवय असलेल्या गिऱ्हाइकाला कॅफेत आता बियरच मिळणार होती. मग तिच्यात जोर असावा ही अपेक्षा वाढली आणि ब्रुअरांनी ती पुरवली.

मात्र ही सगळी हकीगत एका गडद रंगाच्या बियरची आहे. सोनेरी रंग आला तो १९७० मध्ये. पिल्झेन शहरात १८४२ साली जन्मलेल्या फिक्या, स्वच्छ लागरने तोवर युरोप जिंकला होता. लोकांना ग्लासातून आरपार दिसणारी बियर हवी होती. ल्यूव्हेन विद्यापीठातले झां द क्लर्क हे त्या काळातले बियरशास्त्रातले मोठे नाव. शिमे मठातल्या साधूंची बियर दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनीच सावरून दिली होती. त्यांच्या मदतीने मूर्तगात मंडळींनी ड्युव्हेल फिक्या माल्टवर नव्याने बसवली. रंग पिल्सनरचा, अल्कोहोल मात्र साडेआठ टक्के. आपल्याकडे ‘स्ट्राँग’ छापलेली बियर पाच ते आठ टक्क्यांच्या दरम्यान असते, म्हणजे ही तिच्याही वर. तरीही पहिल्या घोटाला जडपणा जाणवत नाही. या प्रकारातली सगळी कारागिरी या एका विरोधात आहे, म्हणून तो कसा साधतात ते नीट पाहू.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. ती गरम पाण्यात भिजवली की तिच्यातल्या पिष्टाची साखर होते, पण सगळी साखर यीस्टला पचत नाही. न पचलेला भाग बियरमध्ये राहतो आणि तिला अंग देतो. नुसता माल्ट वाढवून साडेआठ टक्के गाठायचे म्हटले तर हा उरलेला भागही वाढतो आणि बियर गोडसर, दाट होते. बेल्जियन ब्रुअर काही माल्टच्या जागी सरळ साखर घालतो. साखर यीस्ट पूर्ण खातं. शंभर ग्रॅम ग्लुकोजमधून साधारण एक्कावन्न ग्रॅम अल्कोहोल आणि एकोणपन्नास ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, अंग म्हणून मागे काही राहत नाही. जोर वाढतो, जाडी वाढत नाही. बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध फर्मानात बियरसाठी बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच मान्य होतं. त्या परंपरेत वाढलेल्या माणसाला साखर ही भेसळ वाटते. मला तो आरोप पटत नाही. स्वस्तात माल उरकण्यासाठी घातलेली साखर वेगळी आणि बियर हलकी, कोरडी, धारदार व्हावी म्हणून मोजून घातलेली साखर वेगळी.

चवीचा दुसरा मोठा भाग यीस्टचा. लागरचं यीस्ट थंडीत, सावकाश काम करतं आणि मागे फारशी खूण ठेवत नाही. या एलचं यीस्ट उबेत काम करतं आणि भरपूर एस्टर तयार करतं. आयसोअमाइल अॅसिटेट हा त्यातला एक, पिकल्या केळ्याचा वास त्याचाच. इतर एस्टर नाशपाती आणि सफरचंदाकडे झुकतात. शिवाय बार्लीच्या सालीतल्या फेरुलिक आम्लापासून यीस्ट एक फिनॉल बनवतं, त्याला लवंगेचा वास येतो. म्हणजे बियरमध्ये केळं नसतं, लवंग नसते, तरी दोन्ही असतात. हॉप्स चेकियातल्या झाटेत्सचे आणि स्टायरियन गोल्डिंग, कडवटपणा बेताचा पण स्पष्ट. शेवटी बाटली भरताना पुन्हा थोडी साखर आणि ताजं यीस्ट, मिलिलिटरमागे साधारण दहा लाख पेशी. मग बाटल्या दोनेक आठवडे चोवीस अंशांच्या उबदार खोलीत आणि त्यानंतर काही आठवडे थंडीत. पहिल्या पाण्यापासून विक्रीपर्यंत तीनेक महिने जातात. बाटलीत जमणारा वायू साध्या लागरच्या जवळजवळ दीडपट असतो. ग्लासात उभा राहणारा तो पांढराशुभ्र, दाट फेस या वायूमुळे.

ही बियर कुणा एकाची कधीच नव्हती, हे एव्हाना लक्षात आलं असेल. यीस्ट स्कॉटलंडचं, हॉप्स मध्य युरोपचे, शास्त्र ल्यूव्हेनचं, गरज बेल्जियन कायद्याने निर्माण केलेली. गेल्या काही दशकांत दोन ब्रुअरींनी उघडपणे एकत्र येऊन एकच बियर करण्याची पद्धत जगभर रूढ झाली, आणि तिचं सर्वांत गाजलेलं उदाहरण याच सोनेरी जातीशी जोडलेलं आहे.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात बोल्डरला अॅव्हरी ब्रुइंग आहे आणि कॅलिफोर्नियात सांता रोझाला रशियन रिव्हर. दोघांच्याही बेल्जियन धाटणीच्या एकेका बियरचं नाव होतं ‘सॅल्व्हेशन’. अॅव्हरीची सोनेरी, रशियन रिव्हरची गडद. नावावरून अशा ठिकाणी वकिलांच्या नोटिसा निघतात. अॅडम अॅव्हरी आणि विनी सिलुर्झो यांनी दोन्ही सॅल्व्हेशन टेबलावर घेतल्या, वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून पाहिल्या आणि जमलेलं मिश्रण विकायला काढलं. २००६ च्या अखेरीस आलेल्या त्या बियरचं नाव ‘कोलॅबोरेशन नॉट लिटिगेशन’, म्हणजे खटला नको, सहकार्य हवं. गंमत म्हणजे रशियन रिव्हरची स्थापना १९९७ मध्ये कॉर्बेल या फेसाळती वाइन करणाऱ्या कंपनीने केली होती, आणि सिलुर्झो स्वतः वायनरी चालवणाऱ्या घरात वाढला. नारायणगाव आणि दिंडोरीच्या मध्ये, सिन्नरला राहणाऱ्या माणसाला वाइन आणि बियरचा हा शेजार ओळखीचा वाटावा.

दोन ब्रुअर एकत्र आले की कृती कागदावर वाटून घेता येते, पण खरी देवाणघेवाण भांड्याजवळ होते. एकाला साखर उकळताना घालायची सवय असते, दुसरा आंबवण निम्मी झाल्यावर घालतो, म्हणजे यीस्ट आधी अवघड साखर संपवतं आणि सोप्या साखरेला मागाहून भिडतं. एक यीस्टला वीस अंशांवर धरून ठेवतो, दुसरा त्याला सत्तावीसपर्यंत चढू देतो आणि जास्त एस्टर मिळवतो. असे दोन स्वभाव एका टाकीत उतरले की मिळणारी चव कोणत्याही एका घराची नसते. पण बाटली विकली गेल्यावर या दोघांचाही तिच्यावर ताबा उरत नाही. तिथून पुढे ती ज्याच्या घरी असते तोच तिला घडवत असतो. जिवंत यीस्टची बियर सांभाळणारा माणूस हा तिचा शेवटचा ब्रुअर असतो, असं मी मानतो, आणि सिन्नरसारख्या ठिकाणी ही जबाबदारी बेल्जियमपेक्षा कितीतरी मोठी आहे.

कारण सिन्नरचा उन्हाळा. रासायनिक क्रियांचा एक ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग सुमारे दुप्पट होतो. बेल्जियमच्या तळघरात बारा अंश असतात. सिन्नरमध्ये एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशीला टेकतो तेव्हा बंद खोलीतलं कपाट बत्तीस अंशांवर सहज असतं. म्हणजे वेग चौपट. मार्च ते मे असा एक उन्हाळा त्या कपाटात काढलेली बाटली तळघरातल्या वर्षभराच्या बाटलीइतकी म्हातारी झालेली असते. तीही नीट म्हातारी होत नाही. सगळ्या क्रिया सारख्या प्रमाणात वेग घेत नाहीत, आणि उष्णतेत जे आधी पुढे येतं ते नकोसं असतं. ट्रान्स-२-नोनेनाल नावाचं संयुग त्यात येतं. ओल्या पुठ्ठ्याचा वास देणारं हे संयुग नाकाला इतकं जाणवतं की अब्जात एखाद्या भागापेक्षाही कमी प्रमाण पुरतं.

थंडीत, सावकाश होणारे बदल वेगळे. ताज्या बियरमधलं केळं पहिल्यांदा उतरतं, कारण आयसोअमाइल अॅसिटेट पाण्याशी क्रिया होऊन हळूहळू तुटतं. लवंगेचा फिनॉलही कमी होतो. हॉप्सचा कडवटपणा बोथट होतो. त्यांच्या जागी मध येतो, बेदाणे येतात, कधी शेरी वाइनची आठवण करून देणारी छटा. तळाशी मेलेल्या यीस्टच्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातली अमिनो आम्लं द्रवात उतरतात. थोडी उतरली तर पाव भाजल्याचा भरीव वास येतो, फार उतरली तर मांसाच्या रश्श्याचा. यीस्ट जिवंत असतं तोवर बाटलीत अडकलेला ऑक्सिजन खाऊन टाकतं, हा त्याचा मोठा उपकार. त्यामुळेच अशी बियर गाळलेल्या, पाश्चराइज केलेल्या बियरपेक्षा जास्त टिकते.

तरीही सोनेरी स्ट्राँग एल वर्षानुवर्षं ठेवावी, असं मी कुणाला सांगणार नाही. दीर्घ मुरण्यासाठी गडद बियर अधिक लायक. तिच्या भाजलेल्या माल्टमधली द्रव्यं ऑक्सिडेशनला काही अंशी आवर घालतात, आणि बेदाणे-अंजिराच्या छटा तिला मुळातच शोभतात. सोनेरी बियरची खरी श्रीमंती तिच्या ताजेपणात आहे. ती वर्ष-दोन वर्षं थंड जागी ठेवली तर एक दुसरं, शांत रूप मिळतं, ते पाहण्यासारखं आहे. त्यापुढे ठेवणं हे बहुतेक वेळा नुसतं जपणं असतं.

सिन्नरला डिसेंबरात एका मित्राच्या वाड्यावर आम्ही हे जिभेवर ताडून पाहिलं. दोन ब्रुअरींनी मिळून केलेली एकाच घाण्याची बाटल्यांची जोडी त्याच्या भावाने बाहेरदेशाहून आणली होती. एक फ्रिजच्या खालच्या कप्प्यात राहिली, दुसरी मुद्दाम माजघरातल्या फडताळात. तुलनेसाठी त्याच जातीची एक ताजी बाटलीही मिळवली होती. नाशिक जिल्ह्यातली थंडी हा अशा बैठकीला मिळालेला आशीर्वाद आहे. निफाडच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा त्या दिवसांत एक आकडी झाला की पेपरात बातमी येते, आणि सिन्नरच्या पडवीत रात्री बाटल्या ठेवल्या तर त्या आपोआप दहा अंशांच्या आसपास येतात. या बियरला तेवढीच थंडी लागते. बर्फगार केली तर तिचे वास झोपून जातात.

ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास नसेल तर नाशिकच्या कोणत्याही वायनरीत मिळतो तसा वाइनचा ग्लास चालतो. पोट रुंद आणि तोंड अरुंद असावं, म्हणजे फेसाला जागा मिळते आणि वास वर कोंडून राहतो. ग्लासाला तेलाचा किंवा साबणाचा अंश नको, स्निग्धता फेसाला मारते. ओतण्याआधी ग्लास थंड पाण्याने विसळून घ्यायचा, तिरका धरून सावकाश ओतायचं, आणि शेवटचा बोटभर द्रव साक्यासकट बाटलीतच ठेवायचा.

ताज्या बाटलीतून पिकलं वेलची केळं, मोसंबीची साल, किंचित धणे आणि मिरी एकामागून एक आले. घोट कोरडा, फेस टाळूवर फुटत गेला, आणि कडवटपणा नेमका शेवटी येऊन जीभ साफ करून गेला. फ्रिजमधल्या बाटलीचा रंग जरासा गडद होता. केळं जवळजवळ गेलं होतं. पहिला वास मधाचा होता, फुलांसकट असलेल्या पोळ्यातल्या मधाचा, त्यामागे सुकं जर्दाळू आणि खरपूस पाव. बुडबुडे बारीक झाले होते. चवीला ती गोड नव्हती, वासाला मात्र गोड वाटत होती, आणि या दोहोंतलं अंतर मला फार आवडलं. नाक एक सांगतं आणि जीभ ते नाकारते.

फडताळातली बाटली उघडली तेव्हा वायू भरपूर होता, फेसही उभा राहिला. वास ओल्या पुठ्ठ्याचा, त्यात काकवी, आणि दुरून सोया सॉस. यीस्ट तिथे उष्णतेने लवकर मेलं होतं, आणि राखण करणारं कुणी उरलं नव्हतं. जोडीतल्या दोन्ही बाटल्या एकाच दिवशी भरलेल्या होत्या, एकाच विमानाने आलेल्या होत्या. दोघींमधला फरक सर्वस्वी सिन्नरमधल्या त्या घरातच तयार झाला होता.

तेव्हा ज्यांना अशी बाटली ठेवायची असेल त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. वाड्याच्या दीड हाती मातीच्या भिंतीवर विसंबू नये. दिवसाची लाट ती अडवते, दोन महिन्यांचा उन्हाळा अडवू शकत नाही. वाइनचा छोटा फ्रिज असेल तर बारा अंशांवर लावावा, नसेल तर घरच्या फ्रिजचा खालचा कप्पा उत्तम. चार अंशांवर बियर फार सावकाश मुरते, पण बिघडत नाही. वाइनची बाटली आडवी ठेवतात ते बूच ओलं राहावं म्हणून. ही उभी ठेवावी, साका तळाशी बसतो आणि हवेला भिडणारा पृष्ठभाग लहान राहतो. उजेडापासून दूर ठेवावी. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि काही मिनिटांत दुर्गंध येतो. तपकिरी काच त्यातला बराच प्रकाश अडवते, पण सगळा नाही. आणि बाटलीवर आणल्याची तारीख लिहून ठेवावी.

वयाबद्दल बोलतोच आहोत तर पिणाऱ्याच्या वयाचाही नियम आहे. महाराष्ट्रात बियरसाठी एकवीस वर्षं पूर्ण लागतात. घरी बियर करून पाहण्याचा मोह या प्रकरणाने कुणाला झाला तर परवान्याशिवाय मद्य तयार करणं राज्याच्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे, हे ध्यानात असू द्यावं. शिकण्याची हौस असेल तर पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या डुलाली या राज्यातल्या आद्य मायक्रोब्रुअरीनंतर आता बऱ्याच ठिकाणी बेल्जियन धाटणीच्या बियर नळावर मिळतात, आणि तिथले ब्रुअर विचारलेल्या प्रश्नांना मनापासून उत्तरं देतात.

प्रमाणाचंही एक गणित आहे. साडेआठ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटरच्या एका बाटलीत साधारण बावीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे दहा ग्रॅमच्या मापाने दोनाहून अधिक पेग. हलक्या घोटामुळे हे जाणवत नाही. चाखण्यासाठी एक बाटली तिघांत पुरते, आणि त्यानंतर सिन्नर घाट उतरायला किंवा नाशिक गाठायला गाडीवर बसू नये. तळाचा साका शेवटी वेगळा ओतून चाखून पाहावा. ताज्या बाटलीतला साका ओल्या पिठाच्या चवीचा आणि किंचित कडू असतो, जुन्यातला खारट आणि रश्श्याकडे झुकणारा. उघडलेली बाटली मात्र उद्यावर टाकू नये. वायू रात्रीत निघून जातो आणि आत शिरलेली हवा खाऊन टाकण्याइतकं जिवंत यीस्ट तळाशी उरलेलं नसतं.